स्पेनचा डिजिटल नोमॅड व्हिसा: महाराष्ट्र-गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातल्या किंवा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं काम युरोपात राहून, कायदेशीरपणे करायचं, यासाठी स्पेनचा मार्ग बऱ्याच मराठी मंडळींनी मनात धरलेला दिसतो. पुणे, मुंबई, नाशिक, पणजीहून येणारे प्रश्न इतके सारखे असतात की उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवलेली बरी. बहुतेकांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो, पण आपल्याकडच्या नोकरदारांचं घोडं पगारावर अडत नाही. ते अडतं सामाजिक सुरक्षेच्या, म्हणजे पेन्शन-आजारपणासाठी भरायच्या सक्तीच्या वर्गणीच्या, कागदावर. त्यामुळे बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण प्रश्न 5 आणि 6 वाचल्याशिवाय राजीनामा देऊ नका आणि तिकीटही काढू नका. रकमा 2025 च्या नियमांप्रमाणे आहेत. त्या दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज कराल त्या वर्षाचा आकडा पाहून घ्या.

1. हा व्हिसा नेमका कोणासाठी आहे? टूरिस्ट व्हिसावर लॅपटॉप घेऊन गेलं तर काय बिघडतं?

स्पेनबाहेरच्या कंपनीचं किंवा ग्राहकांचं काम स्पेनमध्ये बसून ऑनलाइन करणाऱ्यांसाठी हा व्हिसा आहे. डिसेंबर 2022 मध्ये लागू झालेल्या स्टार्टअप कायद्यात, म्हणजे कायदा 28/2022 मध्ये, ही तरतूद आली. वर्क व्हिसात तिथली कंपनी तुम्हाला नोकरी देते. इथे काम तुमच्याकडे आधीपासून असावं लागतं.

शेंगेन, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, टूरिस्ट व्हिसा फिरण्यासाठी असतो, त्यावर काम करायची परवानगी नसते. 'कोण बघायला येतंय' असं सांगणारे भेटतील. पण उद्या याच देशाकडे राहायचा परवाना मागायचा असेल, तर सुरुवात अशी करू नये.

2. महिन्याला किती कमाई लागते? सीटीसी धरतात का?

स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट. 2025 मध्ये किमान वेतन 1,184 यूरो होतं आणि तिथे ते वर्षाला 14 हप्त्यांत धरतात. 12 महिन्यांत वाटून दुप्पट केलं की साधारण 2,763 यूरो होतात. यूरो 100 रुपयांच्या आसपास धरला तर महिना पावणेतीन लाखांच्या थोडं वर. कुटुंबातल्या पहिल्या व्यक्तीसाठी किमान वेतनाच्या 75 टक्के, म्हणजे आणखी 1,036 यूरो, आणि त्यापुढे प्रत्येकी 25 टक्के, म्हणजे 345 यूरो. नवरा-बायको आणि एक मूल असेल तर बेरीज 4,144 यूरोंच्या घरात जाते.

सीटीसीचा आकडा विसरा. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, मिळाला तर मिळणारा बोनस असं बरंच काही कोंबलेलं असतं आणि ते तुमच्या खात्यात दिसत नाही. करारपत्र, पगाराची स्लिप आणि बँक स्टेटमेंट या तिन्हींत रक्कम जुळायला हवी. खात्यात प्रत्यक्ष जमा होणारी रक्कमच अटीच्या वर असेल तर वादाला जागा राहत नाही. आणि अगदी काठावर असाल तर थांबा. रुपया चार टक्क्यांनी घसरला तरी तुम्ही अटीच्या खाली जाल.

3. पगार थोडा कमी पडतो, पण घरभाडं, एफडीचं व्याज आणि शेअर्स आहेत. ते धरतील का?

नाही. कमाई कामातून आलेली लागते. भाडं, व्याज, लाभांश यांवर जगणाऱ्यांसाठी स्पेनचा वेगळा, काम न करण्याच्या अटीवरचा निवास व्हिसा आहे, आणि त्यावर दूरस्थ कामही करता येत नाही. शिल्लक ठेवींनी अर्जाला बळ येतं, पण त्या पगाराची जागा घेत नाहीत.

4. माझ्याकडे डिग्री नाही, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. चालेल?

कायदा दोनपैकी एक गोष्ट मागतो: मान्यताप्राप्त विद्यापीठाचं, व्यावसायिक शिक्षणाचं किंवा बिझनेस स्कूलचं प्रमाणपत्र, नाहीतर त्याच क्षेत्रातला किमान 3 वर्षांचा अनुभव. डिप्लोमावाल्यांनी दोन्ही जोडावं. अनुभवासाठी जुन्या कंपन्यांची रिलीव्हिंग लेटर, फॉर्म 16 आणि ईपीएफओचं पासबुक ही साखळी भक्कम पुरावा ठरते, कारण त्यांत तारखा येतात. डिग्री असेल तर ती 'हुबेहूब याच' कामाची असायला हवी असं नाही. मेकॅनिकल शिकून सॉफ्टवेअरमध्ये असलेले खूप आहेत. अशांनी अनुभवाचे कागद पुढे ठेवावेत आणि डिग्री जोडीला द्यावी.

5. मी पुण्यातल्या कंपनीत पगारी नोकर आहे. कंपनी परवानगी द्यायला तयार आहे. मग अडचण कुठे आहे?

सामाजिक सुरक्षेत. स्पेनमध्ये राहून काम करणाऱ्या माणसाची वर्गणी कुठल्या तरी देशाच्या व्यवस्थेत भरली जाते आहे, हे दाखवावं लागतं. ज्या देशांचा स्पेनशी सामाजिक सुरक्षा करार आहे, तिथला कर्मचारी मायदेशातून 'कव्हरेज सर्टिफिकेट' आणतो आणि विषय संपतो. भारताचे असे करार जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, पोर्तुगाल अशा अनेक देशांशी आहेत आणि ईपीएफओ त्या देशांसाठी हे प्रमाणपत्र देतं. हे लिहिताना स्पेनशी असा करार लागू नाही. त्यामुळे तुमचा पीएफ नियमित कापला जात असला तरी तो इथे कामाला येत नाही.

मग उरतो दुसरा मार्ग. तुमच्या भारतीय कंपनीने स्पेनच्या सामाजिक सुरक्षा खात्यात मालक म्हणून नोंदणी करायची, तुम्हाला तिथे दाखवायचं आणि दरमहा वर्गणी भरायची. कंपनीचा वाटा ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत पगाराच्या साधारण 30 टक्के जातो. शिवाय कंपनीच्या वित्त विभागाला वेगळीच धास्ती असते: एका कर्मचाऱ्यामुळे स्पेनमध्ये आपली 'कायम आस्थापना' धरली गेली आणि तिथे कर लागला तर? मॅनेजर हो म्हणतो, एचआर बघतो म्हणतं आणि वित्त विभाग नाही म्हणतो. हे असंच होतं. म्हणून पहिलं पत्र वित्त आणि विधी विभागाला लिहा. त्यांचा होकार लेखी मिळेपर्यंत बाकी कशावरही पैसे खर्च करू नका.

काही एजंट सांगतात की पीएफचा उतारा भाषांतर करून लावला की काम होतं. त्यांचं ऐकू नका. तो कागद कराराच्या प्रमाणपत्राची जागा घेऊच शकत नाही.

6. मग नोकरी सोडून त्याच कंपनीत कन्सल्टंट झालो तर?

भारतातून जाणाऱ्या बऱ्याच जणांना शेवटी हाच मार्ग मोकळा मिळतो. स्वतंत्र व्यावसायिक असाल तर स्पेनमध्ये तुम्ही 'आउतोनोमो' म्हणून स्वतःची नोंदणी करता आणि वर्गणी स्वतः भरता. नव्याने नोंदणी करणाऱ्यांना पहिल्या वर्षी सवलतीचा दर मिळतो, महिना 80 यूरो आणि वर किरकोळ अधिभार. पुढे निव्वळ उत्पन्नाप्रमाणे रक्कम वाढते. कंपनीला स्पेनमध्ये काहीच करावं लागत नाही, म्हणून त्यांचा विरोधही मावळतो.

पण हे पाऊल उचलण्याआधी नीट हिशोब करा. पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रुप मेडिक्लेम, भरपगारी रजा, नोटीस पिरियडचं संरक्षण, सगळं जातं. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत 5 वर्षांची सलग सेवा लागते. तुमची साडेचार झाली असतील तर सहा महिने कळ काढा. कन्सल्टंट म्हणून मागायची रक्कम जुन्या पगाराइतकीच ठेवलीत तर तुम्ही तोट्यात आहात, कारण वर्गणी, विमा, हिशोबनिसाची फी आता तुमच्या खिशातून जाणार.

दुसरी गोष्ट काळाची. कामाचं नातं अर्जाच्या आधी किमान 3 महिने जुनं लागतं. नव्या करारावर तीन महिन्यांची बिलं आणि तीन महिन्यांच्या जमा नोंदी तयार झाल्यावरच अर्ज करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या नोकरीची वर्षं दाखवून आजच्या कराराची उणीव भरून निघेल या भरवशावर राहू नका. आणि करार खरा असू द्या. कागदावर कन्सल्टंट आणि प्रत्यक्षात रजेसाठी मॅनेजरची परवानगी, असा प्रकार स्पेनच्या कामगार कायद्यातही खोटा स्वयंरोजगार ठरतो.

7. मी फ्रीलान्सर आहे, अमेरिकेतले दोन क्लायंट आहेत. काय काय जमवू?

सामाजिक सुरक्षेच्या दृष्टीने तुमचं बरं आहे, प्रश्न 6 मधला आउतोनोमोचा मार्ग थेट लागू होतो. जमवायचं ते क्लायंटच्या बाजूने आणि तुमच्या बाजूने. क्लायंटची कंपनी किमान 1 वर्ष चालू असल्याचा त्यांच्या राज्याचा नोंदणी दाखला, तुमच्याशी असलेला करार, आणि 'हे काम स्पेनमधून करायला आमची हरकत नाही' असं पत्र. तुमच्या बाजूने बिलं, बँक स्टेटमेंट आणि परकीय चलन जमा झाल्याचे बँकेचे दाखले. हे दाखले बऱ्याच बँका मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा आजच अर्ज टाका. जीएसटीत निर्यात सेवा म्हणून एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरलेलं असेल तर त्या रिटर्नचे आकडे बिलांशी जुळवून पाहा.

एखाद्या फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवरून छोटी छोटी कामं घेणाऱ्यांची अडचण वेगळी असते. कमाई भरपूर, पण सलग करार कोणाशीच नाही. अशा वेळी सगळ्यात मोठ्या एक-दोन क्लायंटशी थेट लेखी करार करून घेणं आणि त्यावर तीन महिने जाऊ देणं हाच उपाय.

8. माझी स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड आहे. मीच मला परवानगीचं पत्र देऊ शकतो का?

पत्र देता येईल, पण छाननी कडक होते. कंपनी वर्षभर खरंच चालू होती का, तिचे ग्राहक खरे आहेत का, पगार नियमित निघतो का, हे तपासतात. स्पेनच्या नियमांत कंपनीचा कारभार पाहणाऱ्याकडे 25 टक्के किंवा जास्त भांडवल असेल तर तो सहसा साधा कर्मचारी मानला जात नाही, स्वयंरोजगारी धरला जातो. म्हणजे कागदावर नोकर असलात तरी वाट पुन्हा प्रश्न 6 कडेच वळते. इथे मात्र स्पेनमधला वकील घ्याच. घरच्या घरी करायचं हे प्रकरण नाही.

9. कंपनीच्या पत्रात नेमकं काय लिहून घ्यायचं?

एचआरचं नेहमीचं 'टू हूम सो एव्हर' पत्र पुरत नाही. पत्रात तुमचं पासपोर्टप्रमाणे नाव आणि पासपोर्ट क्रमांक, काम सुरू झाल्याची तारीख, पद आणि कामाचं दोन-तीन ओळींत वर्णन, मोबदला किती आणि कोणत्या चलनात, काम पूर्णपणे ऑनलाइन करता येतं हे विधान, आणि 'स्पेनमधून काम करण्यास परवानगी आहे' असं देशाचं नाव घालून वाक्य हवं. 'कुठूनही काम करण्याची मुभा' एवढ्यावर भागवू नका. पुढच्या काळातही करार चालू राहणार आहे हे लिहून घ्या. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख, लेटरहेड. सोबत कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र. भारतातल्या कंपनीच्या अशा व्यावसायिक कागदांवर अपोस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीच्या सरकारी शिक्क्याच्या, आधी चेंबर ऑफ कॉमर्सचं साक्षांकन लागतं.

10. अर्ज मुंबईतून करावा की स्पेनला जाऊन?

दोन्ही चालतं. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईतल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. तिथून मिळणारा व्हिसा जास्तीत जास्त 1 वर्षाचा असतो. तो संपण्याआधी स्पेनमध्येच निवास परवान्यासाठी अर्ज करायचा.

स्पेनमध्ये कायदेशीरपणे हजर असताना अर्ज केला तर परवाना थेट 3 वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. मोठ्या उद्योगांसाठीचा जो विशेष कक्ष आहे, यूजीई, तो हे अर्ज पाहतो. निर्णयाची मुदत कामकाजाचे 20 दिवस आहे आणि त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर अर्ज मंजूर धरला जातो. ऐकायला हा मार्ग सरस वाटतो. पण युरोपच्या अनेक शेजाऱ्यांना व्हिसा लागत नाही, आपल्याला लागतो. शेंगेन व्हिसा 15-20 दिवसांचाच मिळाला तर धावपळ होते, आणि अर्ज ऑनलाइन असल्याने स्पेनचं डिजिटल प्रमाणपत्र किंवा अधिकृत प्रतिनिधी लागतो. कुटुंब सोबत असेल तर मी मुंबईतूनच करायला सांगते. एकटे असाल, कागद सगळे तयार असतील आणि तिथे वकील ठरलेला असेल तर दुसरा मार्ग घ्या.

11. कागदांचा क्रम कसा लावू?

आधी मूळ कागद, मग अपोस्टिल, मग स्पॅनिश भाषांतर. क्रम उलटा केला तर भाषांतर पुन्हा करावं लागतं, कारण अपोस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर लागतं. भाषांतर स्पेनच्या परराष्ट्र खात्याने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्या. पुण्या-मुंबईच्या स्पॅनिश क्लासमधल्या शिक्षकांचं भाषांतर उत्तम असलं तरी त्या यादीत नाव नसेल तर ते चालत नाही.

डिग्रीवर आणि लग्न-जन्माच्या दाखल्यांवर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण होतं, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल. मंत्रालय अर्ज थेट घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो आणि तो सगळ्यात शेवटी काढा. तो जुना झालेला चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला असावा. गेल्या दोन वर्षांत दुबईत किंवा अमेरिकेत राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो, आणि गेल्या पाच वर्षांत गुन्हा नसल्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र.

12. डिग्रीवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर तर नावच बदललं. अर्ज अडेल का?

महाराष्ट्रातल्या अर्जदारांचा हा खास प्रश्न. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो, बऱ्याचदा पुढे आईचंही नाव. स्पॅनिश अर्जात आडनावांचे दोन रकाने असतात, पहिलं आणि दुसरं. वडिलांचं नाव तिथे दुसरं आडनाव म्हणून भरलं की पुढे ओळखपत्रापासून बँक खात्यापर्यंत सगळीकडे तेच चिकटतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा, आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना मोकळा सोडा.

क्रमाचा फरक एका नोटराइज्ड प्रतिज्ञापत्राने मिटतो. लग्नानंतरचा फरक मोठा असतो: डिग्रीवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. मधल्या नावासह तीनपैकी दोन शब्द बदललेले, मग परक्या अधिकाऱ्याला ही एकच बाई आहे हे कळावं कसं? विवाह नोंदणी प्रमाणपत्र अपोस्टिलसह लावा, आणि राजपत्रात नावबदल छापला असेल तर तोही. फक्त मंगल कार्यालयाची पावती किंवा लग्नपत्रिका यांवर काम होत नाही. लग्न नोंदवलंच नसेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी ते उरका. मुलांचे दाखलेही काढून पाहा. जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच घातलेलं नसतं.

13. जोडीदाराला तिथे नोकरी करता येते का? मुलांचं काय?

येते. कुटुंबीयांच्या परवान्यात राहण्यासोबत काम करण्याची मुभा असते, आणि ते काम स्पेनमधल्या कंपनीतही चालतं. माझ्या मते या व्हिसाची ही सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. मुलांना 6 ते 16 वयात शाळा सक्तीची आहे. बार्सिलोना किंवा व्हॅलेन्सिया निवडलंत तर सरकारी शाळेत स्पॅनिशबरोबर तिथली भाषाही येते, हे घर ठरवण्याआधी लक्षात घ्या.

14. आई-बाबांना सोबत नेता येईल?

कायद्यात अवलंबून असलेल्या पालकांची तरतूद आहे. 'अवलंबून' हा शब्द ते शब्दशः घेतात. तुम्ही दरमहा खात्यातून पाठवलेले पैसे, त्यांचं स्वतःचं उत्पन्न जवळजवळ नसणं, हे दाखवावं लागतं. वडिलांना पेन्शन असेल, गावी शेती त्यांच्या नावावर असेल तर सिद्ध करणं अवघड जातं. अशा घरांनी पालकांसाठी शेंगेन व्हिसावर 90 दिवसांपर्यंतच्या भेटी ठरवाव्यात.

15. आरोग्य विमा भारतातला चालेल का?

नाही. स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा, संपूर्ण संरक्षणाचा आणि उपचाराच्या वेळी खिशातून भर टाकावी न लागणारा विमा घ्या. प्रवास विमाही चालत नाही. सामाजिक सुरक्षेत नोंद झाली की सार्वजनिक आरोग्यसेवा मिळते, पण अर्जाच्या वेळी बहुतेकांची ती नोंद झालेली नसते.

16. कर दोन्ही देशांत भरावा लागेल का?

एकाच उत्पन्नावर दोनदा नाही. भारत आणि स्पेनमध्ये 1993 साली झालेला दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. पण मूळ तत्त्व समजून घ्या. स्पेनमध्ये बसून केलेल्या कामाच्या मोबदल्यावर स्पेनचा हक्क लागतो, मग पैसे पुण्यातल्या बँकेत का येईनात.

घोळ होतो तो वर्षाचा. स्पेनचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. स्पेनमध्ये वर्षात 183 पेक्षा जास्त दिवस राहिलात की तुम्ही तिथले कर-रहिवासी. 1 जुलै ते 31 डिसेंबर हे 184 दिवस होतात. म्हणजे जूनच्या शेवटी पोहोचून डिसेंबरपर्यंत तिथेच राहिलात तर ते अख्खं वर्ष स्पेनचं. ऑगस्टमध्ये पोहोचलात तर त्या वर्षी नाही. भारतात 182 दिवसांची कसोटी आहे, आणि नोकरीसाठी देश सोडणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. निघायचा महिना ठरवण्याआधी, नंतर नाही, सीएकडे जा. त्याच भेटीत बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करण्याचंही विचारा.

17. ती 24 टक्के कराची सवलत सगळ्यांना मिळते का?

नाही. बाहेरून कामासाठी येणाऱ्यांसाठीची ही खास योजना आहे: येण्याचं वर्ष आणि पुढची 5 वर्षं, 6 लाख यूरोपर्यंतच्या कामाच्या उत्पन्नावर सरसकट 24 टक्के, त्यावर 47 टक्के. आधीची 5 वर्षं तुम्ही स्पेनचे कर-रहिवासी नसावेत. सामाजिक सुरक्षेत नोंद झाल्यापासून 6 महिन्यांत अर्ज करावा लागतो. मुदत हुकली की संधी गेली.

डिजिटल नोमॅडमध्ये ही सवलत प्रामुख्याने पगारी कर्मचाऱ्यांना मिळते. साध्या आउतोनोमोंना सहसा मिळत नाही. म्हणजे प्रश्न 6 मधला मार्ग घेतला की ही सवलत बहुधा हातची जाते आणि 19 टक्क्यांपासून चढत जाणारे नेहमीचे दर लागतात. कन्सल्टंट म्हणून रक्कम ठरवताना हे गणितात धरा. इंटरनेटवरचे '24 टक्के' वाले व्हिडिओ इथेच अर्धवट सोडतात.

18. पुण्यातला फ्लॅट, पीपीएफ, म्युच्युअल फंड हे स्पेनला सांगावं लागतं का?

नेहमीच्या दरांत असाल तर हो. परदेशातली बँक खाती, गुंतवणुका आणि स्थावर मालमत्ता असे तीन गट आहेत. कोणत्याही गटाची रक्कम 50,000 यूरोंच्या वर गेली की 'मोदेलो 720' नावाचं माहितीपत्र 31 मार्चपर्यंत भरावं लागतं. हा कर नाही, माहिती आहे. घराची किंमत आजची नव्हे, खरेदीची धरतात. साठ लाखांना घेतलेला फ्लॅट यात येतोच. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त म्हणून स्पेनमध्येही करमुक्त, असं गृहीत धरू नका. 24 टक्क्यांच्या योजनेतल्यांना हे माहितीपत्र भरावं लागत नाही.

19. तिथे गेल्यावर नोकरी बदलली किंवा गेली तर?

बदल कळवावा लागतो आणि नव्या कामानेही त्याच अटी भागायला हव्यात: परदेशी कंपनी, वर्षभर जुनी, पुरेसा मोबदला. नोकरी गेली तर परवाना त्या क्षणी नाहीसा होत नाही, पण ज्यावर तो दिला तो आधार गेलेला असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी मधला रिकामा काळ दिसतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय कुटुंब घेऊन जाऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

20. स्पेनमधल्या कंपनीचं थोडं काम घेतलं तर चालेल?

स्वतंत्र व्यावसायिकांना चालतं, एकूण कामाच्या 20 टक्क्यांपर्यंत. पगारी कर्मचाऱ्यांना ही सूट नाही, त्यांनी फक्त स्पेनबाहेरच्या मालकाचंच काम करायचं.

21. पुढे कायमचं राहता येतं का? मधे भारतात किती दिवस येऊ शकतो?

5 वर्षं कायदेशीर राहिल्यावर दीर्घकालीन निवासासाठी अर्ज करता येतो. त्या 5 वर्षांत साधारण 10 महिन्यांपेक्षा जास्त काळ स्पेनबाहेर घालवलेला नसावा. दरवर्षी गणपती ते दिवाळी गावी राहायचा बेत असेल तर ही बेरीज आधीच करून ठेवा. नागरिकत्वासाठी भारतीयांना 10 वर्षं लागतात. इतर शेंगेन देशांत फिरायला 180 दिवसांत 90 दिवस मिळतात, पण तिथे मुक्काम ठोकून काम करायला नाही.

22. पोर्तुगालशी करार आहे म्हणता, मग तिकडेच का जाऊ नये?

पगारी नोकरांनी हा विचार जरूर करावा. भारत-पोर्तुगाल सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे. पण कमाईची अट किमान वेतनाच्या चौपट, 2025 मध्ये 3,480 यूरो, म्हणजे स्पेनपेक्षा बरीच जास्त. शिवाय कव्हरेज सर्टिफिकेट मुळात कंपनीने 'पाठवलेल्या' कर्मचाऱ्यासाठी असतं. तुम्ही स्वतःच्या हौसेने जात असाल तर अर्ज तुमच्या कंपनीने करायला तयार व्हायला हवं. म्हणजे वित्त विभागाशी बोलणं इथेही चुकत नाही.

23. आम्ही गोव्याचे. वडिलांचा जन्म 1961 च्या आधीचा, माझी पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंदणी चालू आहे. मला हा व्हिसा लागेल?

नोंदणी पूर्ण होऊन तुम्ही पोर्तुगीज नागरिक झालात तर नाही. युरोपीय संघाचा नागरिक स्पेनमध्ये राहू शकतो, काम करू शकतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर फक्त तिथे नोंद करायची आणि उपजीविकेचं साधन दाखवायचं. भारतीय पासपोर्ट असलेल्या तुमच्या जोडीदारालाही युरोपीय नागरिकाचा कुटुंबीय म्हणून वेगळं, सोपं ओळखपत्र मिळतं. सामाजिक सुरक्षेचा आणि कराचा नियम मात्र तुम्हालाही लागू राहतो, प्रश्न 5 आणि 16 पाहा.

प्रक्रिया नुसती चालू असेल तर त्याचा काही उपयोग नाही, तोवर तुम्ही भारतीय अर्जदारच. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, पासपोर्ट परत करावा लागतो आणि पुढे ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीच्या कार्डाचा, विचार करावा लागतो. गावच्या शेतजमिनीचे व्यवहारही बदलतात, कारण ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. फक्त दोन-तीन वर्षं युरोपातून काम करायची इच्छा असेल तर त्यासाठी नागरिकत्व बदलू नका, हाच व्हिसा करा.

24. अर्ज नामंजूर झाला तर?

नकाराचं कारण लेखी येतं. एका महिन्यात फेरविचाराचा अर्ज करता येतो, त्यानंतर न्यायालयाचा मार्ग आहे. कागद कमी पडल्याने नकार असेल तर नवा, पुरा अर्ज करणं बहुधा लवकर होतं. कारण सामाजिक सुरक्षेचं असेल तर तेच कागद पुन्हा देऊन उपयोग नाही. आधी कामाचं स्वरूप बदला, तीन महिने जाऊ द्या, मग या. अर्जाबरोबर जोडलेलं प्रत्येक पान स्कॅन करून जवळ ठेवा, कारण दुसऱ्या अर्जातली माहिती पहिल्याशी ताडून पाहिली जाते.